पाणी उकळताना नेमका कोणता बंध तुटतो? (बेदाण्याच्या डिपिंगवरून पडलेली शंका)

अकरावी_सावळज (प्रश्न)

नमस्कार. मी तासगाव तालुक्यातील सावळजजवळच्या एका गावात राहते आणि अकरावी विज्ञान शाखेत शिकते. दहावीपर्यंतचे माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, त्यामुळे रासायनिक बंधांचे प्रकरण इंग्रजीतून वाचताना मी प्रत्येक संज्ञा मनात मराठीत करून घेते, आणि बहुधा तेथेच माझा घोटाळा झाला आहे. सराव परीक्षेत पाणी उकळते तेव्हा रेणूंच्या पातळीवर काय घडते, असा प्रश्न होता. उष्णतेने हायड्रोजन बंध तुटतात, म्हणून हायड्रोजन व ऑक्सिजन सुटे होतात आणि वाफ तयार होते, असे मी लिहिले. या उत्तराला शून्य गुण मिळाले; शेजारी लाल शाईची फुली होती, कारण लिहिलेले नव्हते. हायड्रोजन बंध म्हणजे हायड्रोजनने केलेला बंध, मग तो तुटल्यावर हायड्रोजन सुटा का होऊ नये?

दुसरी शंका घरची आहे. आमची द्राक्षबाग आहे आणि आम्ही दर वर्षी बेदाणा करतो. घड रॅकवर टाकण्यापूर्वी ते पोटॅशियम कार्बोनेटची पावडर आणि डिपिंग ऑइल घातलेल्या पाण्यात बुडवून काढतात. एका लिटरला २५ ग्रॅम पावडर आणि १५ मिलिलिटर ऑइल, असे प्रमाण वडील धरतात. न बुडवता टाकलेला माल कितीतरी जास्त दिवस ओला राहतो. मण्यावरच्या मेणामुळे आतले पाणी बाहेर पडत नाही, असे वडील सांगतात. मग हे पाणी मेणाचे बंध तोडते का? आणि तेल पाण्यात मिसळत नाही हे तर आपण लहानपणापासून पाहतो, मग ते डिपिंगच्या पाण्यात कसे मिसळते?

शेवटची शंका थोडी उद्धट वाटेल. रेषीय, कोनीय, चतुष्फलकीय ही नावे आणि त्यांचे कोन मी पाठ केले आहेत, परंतु रेणूचा आकार माहीत असून पुढे त्याचे करायचे काय, हे मला कोठेच सापडले नाही.

सेवानिवृत्त_शिक्षक_सातारा

तुझे उत्तर निम्मे बरोबर होते. फुलीशेजारी निदान तेवढे तरी लिहायला हवे होते. हायड्रोजन बंध तुटतात हे खरे आहे, हायड्रोजन व ऑक्सिजन सुटे होतात हे खरे नाही, आणि या दोहोंमध्ये तू जो ‘म्हणून’ घातलास तेथे सारी चूक आहे. ती चूक नावामुळे होते. पाण्याच्या एका रेणूत ऑक्सिजन प्रत्येक हायड्रोजनबरोबर इलेक्ट्रॉनांची एक जोडी वाटून घेतो. हा सहसंयुज बंध होय, आणि जोडी दोघांत सामाईक असण्याची ही कल्पना गिल्बर्ट ल्युईस यांनी १९१६ मध्ये मांडली. हायड्रोजन बंध मात्र एका रेणूतील हायड्रोजन आणि शेजारच्या रेणूतील ऑक्सिजन यांच्यातील ओढ आहे. रेणूच्या आत ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या केंद्रकांत सुमारे ९६ पिकोमीटर अंतर असते, तर त्याच हायड्रोजनपासून शेजारच्या रेणूतील ऑक्सिजन जवळजवळ दुप्पट, म्हणजे सुमारे १८० पिकोमीटर अंतरावर असतो. इतक्या वेगळ्या दोन गोष्टींना आपण ‘बंध’ हा एकच शब्द वापरतो.

आता हिशोब पाहा. एक मोल, म्हणजे १८ ग्रॅम पाण्यातील सगळे ओ–एच बंध तोडायचे तर सुमारे ९२६ किलोजूल ऊर्जा लागते. तेवढ्याच पाण्याची १०० अंश सेल्सिअसला वाफ करायला सुमारे ४१ किलोजूल पुरतात. म्हणजे वाफ होण्याचा खर्च रेणू फोडण्याच्या खर्चाच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी आहे. वाफेतला रेणू द्रवातल्या रेणूइतकाच अखंड असतो. त्याने केवळ शेजाऱ्यांचा हात सोडलेला असतो. चहाच्या पातेल्यातून खरोखरच हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघत असते, तर गॅस पेटलेल्या ओट्यापाशी उभे राहण्याची कोणाची हिंमत झाली असती?

आमच्या जिल्ह्यातले एक उदाहरण मी वर्गात नेहमी देत असे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे आणि हवेचा दाब कमी असल्यामुळे तेथे पाणी ९५–९६ अंशांनाच उकळते. तेथे गेल्यावर पाण्यातील ओ–एच बंध काही कमकुवत होत नाही. जी गोष्ट घाट चढल्याने बदलते ती रेणूच्या आतल्या बंधाची खूण असू शकत नाही, एवढे जरी ध्यानात ठेवलेस तरी उत्कलनांक पाहून बंधाच्या बळाविषयी अनुमान काढण्याचा मोह टळेल.

गुऱ्हाळ तू पाहिलेच असशील. काहिलीत रस आटतो तेव्हा पाणी निघून जाते आणि साखरेचे रेणू आहेत तसेच मागे राहतात. पाक दाट होत जातो तसा त्याचा उकळबिंदूही शंभराच्या बराच वर सरकतो. मात्र जाळ आवरला नाही आणि पाक करपला, तर साखरेच्या रेणूतीलच बंध तुटून नवे पदार्थ तयार होतात, रंग काळवंडतो, चव कडवट होते आणि कितीही पाणी ओतले तरी पहिला रस परत मिळत नाही. एकाच काहिलीत, एकाच जाळावर, या दोन निराळ्या घटना घडतात. कोणताही बदल समोर आला की आधीचे आणि नंतरचे रेणू तेच आहेत का, हा प्रश्न प्रथम विचारावा. तेच असतील, तर झालेला खर्च आंतररेण्वीय बलांवरचा, म्हणजे रेणू-रेणूंमधल्या ओढीवरचा आहे.

आकाराविषयीचा प्रश्न मुळीच उद्धट नाही. बंध आणि आंतररेण्वीय बल यांच्यामधली पायरीच आकार आहे, आणि पुस्तकात ती स्वतंत्र धडा म्हणून आल्याने दोन्हीकडून सुटी पडते. मध्यवर्ती अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉन जोड्या एकमेकींपासून शक्य तितक्या दूर राहतात, या विचाराची सुरुवात सिजविक आणि पॉवेल यांनी १९४० मध्ये केली आणि गिलेस्पी व नायहोम यांनी १९५७ मध्ये त्याला आजचे रूप दिले. मिथेनमध्ये चारही जोड्या बंधात गुंतलेल्या आहेत, म्हणून कोन १०९.५ अंश. अमोनियात एक जोडी एकाकी, म्हणजे बंधात न गुंतलेली आहे, ती अधिक जागा व्यापते आणि कोन सुमारे १०७ अंशांवर येतो. पाण्यात अशा दोन जोड्या आहेत आणि कोन १०४.५ अंश होतो. हे कोन पाठ करण्याऐवजी पुढचा प्रश्न विचार: रेणू असा वाकलेला आहे, म्हणून काय? ऑक्सिजनची विद्युतऋणता, म्हणजे बंधातील इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची क्षमता, ३.४४ आणि हायड्रोजनची २.२०, त्यामुळे प्रत्येक ओ–एच बंधात इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे झुकतात. रेणू सरळ रेषेत असता, तर दोन बाजूंच्या झुकावांनी एकमेकांना रद्द केले असते. तो वाकलेला असल्यामुळे ते रद्द होत नाहीत, ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची बाजू किंचित धन राहते, आणि शेजाऱ्याला ओढण्याची सोय होते.

हायड्रोजन सल्फाइडचा रेणूही वाकलेलाच आहे, शिवाय पाण्याहून जड आहे, तरीही तो उणे ६० अंशांनाच उकळतो. गंधकाची विद्युतऋणता अवघी २.५८ आहे आणि त्याचा अणू मोठा आहे, त्यामुळे तेथे हायड्रोजन बंध जवळजवळ बनतच नाही. आकार आवश्यक आहे, पण एकटा पुरेसा नाही, हे या जोडीवरून दिसते.

बेदाण्याविषयी मी बोलणार नाही. ते तासगावकरांनी सांगावे.

बेदाणा_शेड_तासगाव

आमच्या शेडवरचा अनुभव सांगतो. डिपिंगचे पाणी मण्यावरचे मेण जाळून टाकते आणि सालीला बारीक चिरा पडतात, म्हणून पाणी लवकर निघते. पावडर जास्त झाली तर माल लालसर पडतो. एवढे समजले तरी काम भागते. यात बंधांचा प्रश्न कोठे येतो, ते मला कळले नाही.

अन्नप्रक्रिया_सांगली

शेडवाल्या दादांच्या अनुभवाविषयी वाद नाही, परंतु त्यांनी दिलेले कारण दुसऱ्या पद्धतीचे आहे. कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात द्राक्षे बुडवण्याची जुनी पद्धत आहे, तिच्यात सालीला खरोखर बारीक चिरा पडतात. आपल्याकडच्या थंड डिपिंगमध्ये साल फुटत नाही आणि मेणही बहुतांशी जागेवरच राहते. बदलते ती मेणाची रचना.

मण्यावरचा पांढरट थर म्हणजे मेणाच्या सूक्ष्म पापुद्र्यांची एकावर एक बसलेली कौले आहेत. त्यात ओलिॲनॉलिक आम्ल सर्वांत जास्त असते आणि जोडीला लांब कार्बन साखळ्यांची अल्कोहोले वगैरे असतात. हे रेणू बहुतांशी अध्रुवीय, म्हणजे धन-ऋण बाजू नसलेले असल्यामुळे पाण्याच्या रेणूला या थरात शिरायचे, तर आतल्या पाण्याशी आणि साखरेशी असलेले हायड्रोजन बंध सोडावे लागतात आणि मोबदल्यात मेणाकडून अगदी क्षीण ओढ मिळते. हा सौदा तोट्याचा असल्यामुळे फार थोडे रेणू पलीकडे जातात. मेण पाण्याला ढकलत नाही. ते पाण्याला पुरेसे ओढत नाही, इतकेच. तेल आणि पाणी यांच्याविषयीही हेच खरे आहे. पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरतात की मध्ये तेलाला जागा करून देणे त्यांना परवडत नाही.

डिपिंग ऑइलमध्ये मुख्यतः इथाइल ओलिएट असते. या रेणूला कार्बनची लांब शेपटी आहे, ती मेणाच्या जातीची. आणि एका टोकाला ऑक्सिजन असलेला एस्टर गट आहे, तो पाण्याशी थोडेफार जुळवून घेतो. शेपटीच्या मध्यावर एक दुहेरी बंध आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या साखळ्या एकाच अंगाला असल्यामुळे तेथे रेणूला बाक येतो. विचारणाऱ्या ताईंनी आकाराचा उपयोग विचारला होता, तो या बाकात दिसतो. इथाइल ओलिएट ज्या ओलिक आम्लापासून बनते, ते १३–१४ अंशांना वितळते, म्हणून आपल्या हवेत ते द्रव असते. तितक्याच म्हणजे १८ कार्बनांचे, पण दुहेरी बंध नसलेले सरळ साखळीचे स्टिअरिक आम्ल ६९ अंशांपर्यंत घट्ट राहते. सरळ साखळ्या काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या एकमेकींना चिकटून बसतात. वाकलेल्या तशा बसू शकत नाहीत, त्यांच्यातले अंतर वाढते आणि ओढ घटते. असा वाकडा, पातळ रेणू मेणाच्या कौलांमध्ये शिरला की कौले एकमेकांपासून सुटतात आणि पाण्याला वाट मिळते. या साऱ्यात मेणाचा एकही रेणू फुटत नाही.

तेल पाण्यात कसे मिसळते, याचे उत्तर असे की ते विरघळतच नाही. टाकीतले पाणी दुधाळ दिसते आणि अधूनमधून ढवळावे लागते, ते याच कारणाने. तेलाचे बारीक थेंब त्यात तरंगत असतात. पोटॅशियम कार्बोनेटने पाणी अल्कधर्मी होते, मोकळी मेदाम्ले उदासीन होऊन थोडा साबण बनतो आणि तो थेंबांना एकत्र येऊ देत नाही. येथे एक कबुली द्यायला हवी. आम्ल उदासीन होते तेव्हा त्याच्या ओ–एच बंधातला हायड्रोजन निघून जातो, म्हणजे तेवढ्यापुरता सहसंयुज बंध तुटतो. ‘काहीच तुटत नाही’ असे परीक्षेत लिहू नका.

ती पावडरही अभ्यासण्यासारखी आहे. पोटॅशियमचे धन आयन आणि कार्बोनेटचे ऋण आयन यांच्यात आयनिक बंध, आणि कार्बोनेट आयनाच्या आत कार्बन व तीन ऑक्सिजन यांच्यात सहसंयुज बंध, असे दोन्ही प्रकार एकाच पिशवीत आहेत. तीनही कार्बन–ऑक्सिजन बंध सारख्या लांबीचे, आकार सपाट त्रिकोणी आणि कोन १२० अंश. पाण्यात टाकल्यावर आयन एकमेकांपासून सुटतात, कार्बोनेट मात्र अखंड राहतो. पिशवी उघडी राहिली की पावडरचे ढेकूळ होते, कारण हे आयन हवेतल्या पाण्याच्या ध्रुवीय रेणूंना ओढून घेतात.

पिवळ्या बेदाण्यासाठी गंधकाची धुरी देतात, तिचाही उल्लेख करतो. धुरीतला सल्फर डायऑक्साइड आणि आपल्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, दोघांतही मध्यवर्ती अणूला दोन ऑक्सिजन जोडलेले आहेत. कार्बनवर एकाकी जोडी नाही, म्हणून तो रेणू रेषीय आणि एकंदरीत अध्रुवीय. गंधकावर एक एकाकी जोडी आहे, म्हणून तो सुमारे ११९ अंशांत वाकलेला आणि ध्रुवीय. २५ अंशांना वातावरणाच्या दाबाखाली एक लिटर पाण्यात कार्बन डायऑक्साइड जेमतेम दीड ग्रॅम मावतो, सल्फर डायऑक्साइड ९० ग्रॅमहून अधिक. दोन्ही वायू पाण्याशी अभिक्रियाही करतात, त्यामुळे सगळे श्रेय आकाराला देता येणार नाही, पण ओलसर मण्याला धुरी इतकी चटकन का लागते, याचा मोठा भाग या वाकडेपणात आहे.

अकरावी_सावळज

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांनी अन्नप्रक्रियेच्या सरांचे उत्तर दोनदा वाचून घेतले आणि पावडरची पिशवी बांधून ठेवली.

एक अडचण उरली आहे. ध्रुवीय रेणू एकमेकांना जास्त ओढत असतील, तर ध्रुवीय क्लोरोफॉर्म उशिरा आणि अध्रुवीय कार्बन टेट्राक्लोराइड लवकर उकळायला हवा. तक्त्यात मात्र क्लोरोफॉर्मचा उत्कलनांक ६१ अंश आणि कार्बन टेट्राक्लोराइडचा ७७ अंश दिला आहे. तक्ता चुकला आहे का?

डिस्टिलरी_केमिस्ट_वाळवा

तक्ता बरोबर आहे. अध्रुवीय रेणूंमध्येही ओढ असते, ती विसरली गेली आहे. रेणूतील इलेक्ट्रॉन सतत हलत असल्यामुळे कोणत्याही क्षणी एक बाजू किंचित ऋण होते, तिच्या प्रभावाने शेजारच्या रेणूतले इलेक्ट्रॉनही सरकतात, आणि क्षणभराची का होईना, ओढ निर्माण होते. फ्रिट्झ लंडन यांनी १९३० मध्ये या बलाचे स्पष्टीकरण दिले, म्हणून त्याला लंडन बल किंवा अपस्करण बल म्हणतात. इलेक्ट्रॉन जितके जास्त आणि जितके सैल, तितके हे बल मोठे. क्लोरोफॉर्मच्या रेणूत ५८ इलेक्ट्रॉन आहेत, कार्बन टेट्राक्लोराइडच्या रेणूत ७४. चौथ्या क्लोरीनने रेणूची ध्रुवीयता घालवली, पण येताना त्याने आणलेल्या इलेक्ट्रॉनांनी ती तूट भरून काढून वर शिल्लक ठेवली. रेणू साधारण सारख्या आकारमानाचे असतील तेव्हाच ध्रुवीयतेची तुलना न्याय्य ठरते.

तशी न्याय्य तुलना आम्ही रोज हाताळत असलेल्या पदार्थात सापडते. मळी आंबवून इथेनॉल बनते. त्याच्या रेणूत दोन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असतो. नेमके हेच अणू निराळे जोडले की डायमिथाइल ईथर बनतो. इथेनॉल ७८ अंशांना उकळते आणि ईथर उणे २४ अंशांना. वजन तेच, इलेक्ट्रॉन तितकेच, दोन्ही ध्रुवीय. फरक इतकाच की इथेनॉलमध्ये एक हायड्रोजन थेट ऑक्सिजनला जोडलेला आहे, म्हणून ते हायड्रोजन बंध करू शकते. शंभर अंशांचा फरक या एका जोडणीने पडतो.

हाच बंध आम्हाला पुढे छळतो. इथेनॉल पाण्याशी कोणत्याही प्रमाणात मिसळते आणि ऊर्ध्वपातनाने ते वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांपर्यंतच शुद्ध होते; त्या टप्प्यावर द्रव आणि वाफ यांचे प्रमाण एकच होते आणि मनोरा कितीही उंच केला तरी पुढे सरकता येत नाही. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी तर जवळजवळ निर्जल इथेनॉल लागते. तेथे मॉलेक्युलर सिव्हचे, म्हणजे रेणू चाळणाऱ्या सच्छिद्र पदार्थाचे मणी वापरतात. त्यांची छिद्रे सुमारे ३ अँगस्ट्रॉमची असतात, पाण्याचा रेणू सुमारे २.८ अँगस्ट्रॉमचा आणि इथेनॉलचा सुमारे ४.४ अँगस्ट्रॉमचा. पाणी आत शिरून मण्यातील आयनांच्या ओढीने अडकते, इथेनॉल बाहेरून निघून जाते. नंतर दाब कमी करून ते पाणी काढून घेतले की तेच मणी पुन्हा वापरता येतात.

अकरावी_सावळज

मी उत्तर पुन्हा लिहून पाहिले आहे, कृपया तपासावे: ‘पाणी उकळताना रेणूतील सहसंयुज ओ–एच बंध अबाधित राहतात. १०० अंशांना रेणूंमधील हायड्रोजन बंध तुटू लागतात आणि रेणू अखंड स्वरूपात वाफेत जातात.’

सेवानिवृत्त_शिक्षक_सातारा

पहिले वाक्य निर्दोष आहे. दुसऱ्यातील ‘तुटू लागतात’ एवढे बदल. हायड्रोजन बंध १०० अंशांची वाट पाहत नाहीत. तुझ्या माठातल्या गार पाण्यातही ते अखंड तुटत आणि जुळत असतात, प्रत्येकाचे आयुष्य सेकंदाच्या एक अब्जांशाहूनही कितीतरी कमी. द्रवात एक तुटला की लगेच दुसरा शेजारी मिळतो. वाफेत गेलेल्या रेणूला तो सहसा मिळत नाही. १०० अंशांचे वैशिष्ट्य एवढेच की समुद्रसपाटीला त्या तापमानास पाण्याच्या बाष्पाचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका होतो आणि बुडबुडे द्रवाच्या आतही टिकू शकतात. उघड्यावर पसरलेले पाणी किंवा रॅकवरचा बेदाणा १०० अंशांच्या कितीतरी खाली वाळतो, तो या कारणाने. म्हणून असे लिही: ‘उकळताना रेणू शेजाऱ्यांशी असलेले हायड्रोजन बंध सोडून अखंड स्वरूपात वाफेत जातात.’